दोन नंबरची खोली

लिही, मूर्नी.
तुझं इंग्रजी चांगलं आहे, आणि माझा चष्मा
अजून स्वयंपाकघराच्या विटांखाली आहे.

वित्स्के विचारते,
लोंबोकला अशा वेळी यावं, की रद्द करावं?
आमची सुट्टी तुमच्या डोळ्यांत खुपेल का?
गुणाची पोर. एवढ्याशा पत्रात तीनदा माफी मागते.
भूकंप काय तिने केला?

लिही: या.
थांब. खोड.
आधी इथलं सांग.

एक नंबरमध्ये सगळ्या आळीचं सामान भरलंय.
तीन नंबर नाही. नाही म्हणजे नाहीच,
दार तेवढं उभं आहे, कुलूप लावलेलं,
आणि किल्ली माझ्या कमरेला.
दोन नंबरला भेग आहे, खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत.
तुझा बाप रोज सकाळी तिच्या टोकाशी
पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहितो.
अकरा दिवसांत रेघेपलीकडे गेली नाही.
पण आत झोपत कुणीच नाही, हेही लिही.
आम्ही सगळे बेरुगाकवर.
तिला आठवेल: चार खांब, वर गवत, भिंती नाहीत,
जिथे बसून ती कॉफी प्यायची.
आता ज्याला भिंत नाही तेच घर.

समुद्र तसाच आहे. नको, हे नको लिहूस.
का नको? लिही.
एवढं होऊनही मेल्याने रंग बदलला नाही.

डोंगराची वाट बंद. धबधब्याचीही.
कोंबड्या अंडी देईनात.
रात्री भांडं वाजलं की सगळे उठून बसतो,
आणि बहुतेक वेळा मांजर असतं.

आता पैशांचं.
तुझा बाप पाण्याला गेलाय तोवर उरकू.
तिने पाठवलेली आगाऊ रक्कम:
चौदा मीटर ताडपत्री, दोन पोती तांदूळ,
आणि इनाक साहदानचं कफन.
म्हणजे वित्स्केच्या सुट्टीचा एखादा दिवस
आपली शेजारीण पांघरून गेली.
तिने रद्द केलं तर पैसे परत द्यायचे. देईनही.
पण कशातून? दार विकू?

म्हणून माझ्या 'या'वर माझाच भरवसा नाही.
मी बोलतेय की पोट बोलतंय,
तांदळातून खडे वेचावेत तसं
हे वेचता येत नाही, चष्मा असता तरी.
आणि 'येऊ नका' म्हणावं,
तर तोही तोराच माझा, पडकं घर दिसू नये म्हणून.

काल दोघे आले मोटारसायकलवरून.
पडलेल्या मशिदीपुढे उभे राहून फोटो काढले,
आपलं पाणी प्यायले, 'कुठून आणता' विचारलं नाही.
हे नको लिहूस. ती तशी नाही.
गेल्या खेपेला तिने ताट स्वतः घासलं होतं,
राख कमी घेतली, तरी घासलं होतं.

हं. लिही.
भेग आहे, तारखा भिंतीवर आहेत, तुम्हीच वाचा
आणि तुम्हीच ठरवा.
पाणी बादलीने, विहीर लांब.
आलात तर बेरुगाकवर सरकून जागा करू.
साहदान आता आमच्यात झोपतो,
झोपेत लाथा मारतो, त्याला रागावू नये.
नाही आलात तर पैसे फेडीन, थोडे थोडे,
भात निघाल्यावर.
कफनाचं राहू दे.
खाली सही कर: इनाक मूर्नी.
तिला ठाऊक आहे, इथे आईला
पहिल्या लेकराचं नाव मिळतं.
साहदान मोठा झाल्यावर विचारेल,
माझ्या नावाची आई कुठे, तेव्हा बघू.

आता वाच मला. सगळं.
खोडलेलंही वाच.

थांब.
वाजलं काहीतरी.

मांजर आहे.
पाठव.